आपल्या आजाराची किल्ली कोणाच्या हातात?



गेल्या महिन्यात शब्बाथच्या सकाळी तेफिला झाल्यावर सिनेगॉगच्या हॉलमध्ये आम्ही चारपाच बायका चहा घेत बसलो होतो. विषय अर्थातच गुडघे, साखर आणि ब्लडप्रेशर. एका काकींना मी सहज विचारलं, "नवी गोळी कसली दिलीय?" त्या म्हणाल्या, "मला नाही बाई ठाऊक. माझी कुपा मुलगा बघतो. सगळं त्याच्या मोबाईलमध्ये आहे." बाकीच्यांनी माना डोलावल्या. कोणाची कुपा मुलगा बघतो, कोणाची सून, कोणाची नात.

काकींना हसायचा मला अधिकार नाही. मी इथल्या एका दवाखान्यात ३१ वर्षं नर्स होते, तरी माझ्या स्वतःच्या घरात हेच झालं, म्हणून आज हा विषय काढते आहे.

माझे मिस्टर रक्त पातळ करणारी गोळी घेतात. ही गोळी घेणाऱ्यांना अधूनमधून रक्ताची आय.एन.आर. तपासणी करावी लागते. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांचा आकडा साधारण २ ते ३ च्या मध्ये ठेवतात. आकडा खाली गेला तर रक्ताची गाठ होण्याची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. त्या आठवड्यात खोकल्यासाठी त्यांना अँटिबायोटिक दिलं होतं. काही अँटिबायोटिकांमुळे हा आकडा चढतो. रविवारी सकाळी रक्त दिलं, संध्याकाळी रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी लगेच निरोप लिहिला की दोन दिवस गोळी बंद ठेवा आणि पुन्हा तपासणी करा.

हा निरोप आम्हाला बुधवारी कळला. तोही दात घासताना ह्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं म्हणून धावत दवाखान्यात गेलो तेव्हा. नर्स म्हणाली, "रविवारीच कळवलं होतं. फोनसुद्धा केला होता." फोन कुठे केला? तर मुलाच्या नंबरवर. ऑनलाईन खातं उघडलं तेव्हा मुलाने त्यात आपलाच मोबाईल नंबर घातला होता. आत शिरायचा कोड त्याच्याकडे, निरोप त्याच्याकडे, फोनही त्याच्याकडे. आणि तो त्या आठवड्यात मिलुईमला गेलेला, मोबाईल बंद. वेळेवर सावरलं, देवाची कृपा. पण दोष कोणाचा? मुलाने प्रेमाने केलं होतं. आम्ही आळसाने करू दिलं होतं.

आता उलट बाजू पाहा. आमच्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या एक बाई आहेत. फार काटेकोर. "माझं माझ्यापाशी" म्हणत त्यांनी खात्याची सिस्मा कोणालाही सांगितली नाही. त्या पडल्या, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पुढे हॉस्पिटलच्या ओपीडीत दाखवायला जायचं तर तोफेस १७ हवा. तो मंजूर होऊन खात्यात येऊन पडला होता, पण खातं उघडणार कोण? बाईंचा मोबाईल पडताना फुटलेला, सिस्मा गोंधळात आठवेना, आणि मुलीला कुपेत कोणी काही सांगेना. सांगू शकतच नव्हते. १९९६ चा रुग्णाच्या हक्कांचा कायदा म्हणतो की रुग्णाची माहिती त्याच्या संमतीवाचून दुसऱ्याला द्यायची नाही. त्यात पोटची मुलगीही आली. त्या दिवशीची अपॉइंटमेंट गेली. पुढची सहा आठवड्यांनी.

म्हणजे सगळं देऊन टाकणं चूक, आणि सगळं मुठीत ठेवणंही चूक.

पण मला सर्वांत जास्त टोचली ती तिसरी गोष्ट. माझी एक जुनी मैत्रीण, वय ७९. तिच्या छातीत गाठ लागली, सुईने तुकडा काढून तपासायला दिला. खात्याची सिस्मा मुलीकडे. रिपोर्ट मुलीने आधी वाचला. मग भावंडांनी एकमेकांना फोन केले आणि ठरवलं की आईला आत्ता सांगायचं नाही, पेसाह होऊन जाऊ दे. सर्जनची तारीखही त्यांनीच पुढची घेतली. आई घर साफ करत होती, मात्सा आणत होती, आणि तिच्याखेरीज घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी दवाखान्यातली एक मुलगी तारखेची आठवण करायला घरच्या फोनवर बोलली, तेव्हा तिला कळलं. ऑपरेशन नीट झालं, आज ती बरी आहे. पण मला म्हणाली, "आजार माझा, आणि सर्वांत शेवटी मला कळला. मला सांगितलं असतं तर मी पेसाहच्या आधीच सर्जनकडे गेले असते. मला नातवाच्या बार मिस्वाला उभं राहायचं होतं ना!" मुलांनी आईचं मन जपायला दिवस लांबवले, आणि तिला हवे होते नेमके तेच दिवस गेले.

ही मुलं वाईट नाहीत. ही आपलीच जुनी रीत आहे. मुंबईत नागपाड्याला, भायखळ्याला आपले फॅमिली डॉक्टर घरी येत. नाडी बघून, कंपाउंडरकडून कागदाच्या खुणा चिकटवलेली मिक्श्चरची बाटली घ्यायला सांगून ते दाराबाहेर जात आणि थोरल्या मुलाला जिन्यात हळूच सांगत. आजाऱ्याला कोणी विचारत नसे. तो जिना आता मुलाच्या मोबाईलमध्ये आला आहे, एवढाच फरक. पण तेव्हा डॉक्टर निदान ठरवून सांगत होते की कोणाला सांगायचं. आता रिपोर्ट तयार झाला की ज्याच्या हातात किल्ली, त्याला आधी कळतं.

कोणी म्हणेल, "आई घाबरते. आणि तिला डॉक्टरांचं हिब्रू कुठे समजतं?" दुसरी गोष्ट खरी आहे. आपल्यापैकी कितीतरी जण बाजारात, बसमध्ये हिब्रू सफाईने बोलतात, पण रिपोर्टातलं हिब्रू वाचताना अडतात. वाचायला आपल्याला मराठीच गोड. म्हणून मुलांची मदत हवीच. पण वाचून दाखवणं वेगळं आणि आपल्या वतीने ठरवणं वेगळं. आणि घाबरण्याचं म्हणाल, तर मुंबईचं घर मोडून, दोन ट्रंका घेऊन, भाषा येत नसताना ज्या बायका दिमोना, यरुहामच्या वाळूत येऊन राहिल्या, त्यांना एका कागदाचं भय किती वाटेल? काहींना वाटेलही. ज्यांना ऐकायचं नाही, त्यांनी तसं स्वतः सांगावं. तोही त्यांचा हक्क आहे. पण ते त्यांनी ठरवावं.

मग करायचं काय?

पहिलं म्हणजे, १९९५ पासून या देशात राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा आहे आणि इथला प्रत्येक रहिवासी चारपैकी एका कुपत होलीमचा सभासद असतो: क्लालित, मकाबी, मेउहेदेत किंवा लेउमित. प्रत्येक मोठ्या माणसाची फाईल स्वतंत्र असते. पन्नास वर्षांचा संसार असला तरी नवऱ्याची फाईल बायकोला आपोआप उघडत नाही. अठराच्या आतल्या मुलांचं वेगळं, ती आईबापांच्या हाताखाली असतात.

म्हणून आपली सिस्मा मुलाला देऊन त्याला "मी म्हणजे तू" करण्याऐवजी रीतसर हरशाआ, म्हणजे परवानगी द्यावी. मग तो स्वतःच्या तेउदत झेहुतच्या नंबराने, स्वतःच्या कोडने आत येतो आणि तुमची फाईल बघतो. तुमचं खातं तुमचंच राहतं, आणि नको वाटलं तर परवानगी काढून घेता येते. हे कसं करायचं ते प्रत्येक कुपेचं वेगळं आहे, म्हणून आपल्या दवाखान्याच्या ऑफिसात तेउदत झेहुत घेऊन जा आणि विचारा. फोनने विचारायचं तर क्लालित *२७००, मकाबी *३५५५, मेउहेदेत *३८३३, लेउमित *५०७.

तिथे गेल्यावर आणखी एक प्रश्न विचारा: "माझ्या फाईलमध्ये कोणाचा फोन नंबर आहे?" मी हे पूर्वीच विचारलं असतं तर तो बुधवार आला नसता. पहिला नंबर तुमचा हवा. साधा, बटणांचा मोबाईल असला तरी चालतो, कोडचा निरोप त्यावरही येतो. मुलाचा नंबर दुसरा म्हणून लिहून घेता येतो का तेही विचारा.

एकच माणूस नेमू नका. मुलगा मिलुईमला जातो, मुलगी परदेशी जाते. दोघांना ठेवा, आणि दोघांना एकमेकांचं ठाऊक असू द्या. पाच जणांना मात्र देऊ नका. प्रकृतीच्या गोष्टी सगळ्या कुटुंबात चर्चेला जातात आणि मग जावयाच्या आईलाही तुमची साखर पाठ असते.

घरात मेतापेलेत असेल तर तिला औषधांची यादी द्या, पण सिस्मा देऊ नका. ती कितीही भली असो. आणि फोनवर कोणी गोड बोलून "आत्ता आलेला कोड वाचून दाखवा" म्हणालं तर फोन ठेवून द्या. मग वर दिलेल्या नंबरावर आपण स्वतः फोन करून खात्री करा.

ज्यांना पुढच्या काळाची चिंता आहे, विसरायला होऊ लागलं आहे, त्यांनी एक पाऊल पुढे जावं. २०१७ पासून इथे यिपुय कोआह मितमशेख नावाची सोय आहे. बुद्धी शाबूत असताना, त्याचं खास शिक्षण घेतलेल्या वकिलासमोर आपण लिहून ठेवतो की पुढे मला ठरवता आलं नाही तर माझ्या वतीने कोणी ठरवायचं आणि माझी इच्छा काय आहे. पैसे, घर, प्रकृती, तिन्हींसाठी ते करता येतं. हे शहाणपण असताना करायचं काम आहे, नंतर वेळ निघून जाते.

आणि कॉम्प्युटर कितीही शिकले तरी फ्रिजच्या दारावर एक कागद हवाच: औषधांची नावं आणि मात्रा, कशाची अ‍ॅलर्जी आहे ते, आणि दोन फोन नंबर. औषध बदललं की कागद बदला, वर तारीख घाला.

शेवटचं काम सर्वांत अवघड, कारण त्याला फॉर्म नाही. एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी सगळी जेवायला जमतात, तेव्हा मुलांना सांगा. आम्ही सांगितलं. माझे मिस्टर म्हणाले, "तू वाच, समजावून सांग, धावपळ कर, मला तुझी गरज आहे. पण माझं काही आलं तर आधी मला सांगायचं. चांगलं असो, वाईट असो." मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पप्पा, मलाही ते ओझंच होतं."

हे मला ठाऊक नव्हतं. आपण समजतो की आपण मुलांवर विश्वास टाकला. त्यांच्या दृष्टीने आपण त्यांना आपलं मरणजगणं एकट्याने वाचायला बसवलेलं असतं. अर्धं ओझं परत घ्या. ते तुमचंच आहे.

तब्येत सांभाळा. पुढच्या अंकात भेटू.