बहिष्काराने बॉम्ब थांबत नाही

बहिष्कार काय असतो, हे मुरगूडच्या आपल्या वस्तीला शिकवायला नको. महाडच्या सत्याग्रहानंतर अनेक गावांत आपल्या माणसांचे काम आणि धान्य तोडले गेले. म्हणूनच 1930 च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी बहिष्कार गुन्हा ठरवण्याची मागणी केली.

आर्थिक निर्बंध हे त्याचेच जागतिक रूप. 1998 च्या पोखरण स्फोटांनंतर अमेरिकेने भारतावर निर्बंध लादले. बॉम्ब राहिला, 2001 मध्ये बहुतेक निर्बंधच उठले. इराकमध्ये गरीब भरडला, सद्दाम गादीवरच राहिला.

अण्वस्त्रप्रसारबंदी करारात 1967 पूर्वी स्फोट करणारे पाच देश मानकरी, बाकीच्यांना मज्जाव. हे चातुर्वर्ण्यच! म्हणून आपला बॉम्ब पवित्र ठरत नाही. पण सहावे कलम निःशस्त्रीकरण सांगते, त्याची सुरुवात त्या पाचांनी करावी. शेतमजुराची भाकर हिसकावून शांतता येत नाही.

जय भीम!