बाथरूमची खिडकी बुजवू नका

थंडी पडली की आमच्या घरी एक काम ठरलेलं असायचं. बाथरूमच्या काचपट्ट्यांच्या खिडकीत जुना टॉवेल कोंबायचा, वारा झोंबू नये म्हणून. आत गॅस गिझर. एका सकाळी धाकटी बहीण आंघोळ करून भिंत धरतच बाहेर आली. डोकं ठणकतंय, मळमळतंय म्हणाली. आम्ही ते पित्तावर ढकललं. तो टॉवेल किती महागात पडला असता हे आज कळतं, म्हणून हे लिहितोय.

का, ते समजायला आधी श्वास कसा चालतो ते पाहू. आपल्या फुप्फुसांत वायुकोशांचे ३० कोटींच्या वर इवलेसे फुगे असतात. सगळे उलगडून पसरले तर साधारण ७५० चौरस फूट भरतील, म्हणजे एखादा फ्लॅटच. त्यांची भिंत केसाच्या शंभराव्या हिश्शाइतकी पातळ. पलीकडून रक्त वाहतं. तांबडी पेशी तिथून सेकंदभराच्या आत निघून जाते, तेवढ्यात प्राणवायू तिच्यात शिरतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. यासाठी वेगळी ताकद लागत नाही. जिकडे जो वायू जास्त, तिकडून तो कमी असलेल्या बाजूला सरकतो, इतकंच.

घात इथेच होतो. फुप्फुसाला पारख नाही. हवा कमी पडली की गिझरची ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तोही त्याच वाटेनं रक्तात शिरतो, आणि हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरून बसतो. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, ठसकाही लागत नाही.

तेव्हा एवढं कराच. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. ते होईपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा आणि मग आंघोळीला जा. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत शेकासाठी कोळशाची शेगडी ठेवत असाल तर तोच धोका तिथेही आहे; खिडकी उघडी हवी, आणि शेक झाला की शेगडी बाहेर. आजीबाई रागावल्या तरी चालेल.

बाथरूममधून हाकेला ओ आली नाही, तर दार तोडा. गॅस बंद करा, माणसाला उघड्यावर आणा, १०८ ला फोन करा. आणि डॉक्टरांना गिझर चालू होता हे आधी सांगा, कारण बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला रक्तातला प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड वेगळे ओळखता येत नाहीत. तो ९८ दाखवत राहतो.