सेनापती हरला, म्हणून चुकला?

"सेनापती बापटांचं ऐकलं असतं तर हिंजवडीत दिवासुद्धा लागला नसता," असं बजावणारे आयटी पार्कात पुष्कळ. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, एवढ्यावरच त्यांचं मुळशीचं ज्ञान थांबतं. ज्याविरुद्ध बापट लढले, ते टाटांचं मुळशी धरण मुंबईच्या विजेसाठी होतं. मुळेचं पाणी अडवायचं, घाटाखाली भिऱ्याला सोडून वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची. गावं मावळ्यांची बुडाली, चाकं गिरण्यांची फिरली. हिंजवडीचा दिवा यात आला कुठून?

दुसरा आक्षेप जरा वजनदार. बापट तुरुंगात गेले आणि धरण झालंच. हा कसला मुत्सद्दी? धरण झालं, हे खरं. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या मुहूर्तावर उठलेला सत्याग्रह १९२४अखेर विझला. पण ग्रीसचा वेनिझेलोस पाहा. १९०५मध्ये क्रीटमध्ये बंड करणारा हा गडी १९१०मध्ये पंतप्रधान झाला. १९१९मध्ये त्याने स्मर्नाला फौज उतरवली, १९२२मध्ये त्या मोहिमेची धूळधाण उडाली, लाखो ग्रीक निर्वासित झाले. तरी इतिहासात तो थोर मुत्सद्दीच! बापटांनी खुर्ची मागितली नाही, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा.

त्यांची शेवटची चाल मात्र मला पटत नाही. रेल्वेगाडी अडवून शस्त्र चालवलं, सात वर्षांची शिक्षा ओढवून घेतली, आणि सरकारला हवं ते आयतं मिळालं. पण लढा त्याआधीच पोखरला होता. बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या, नांगर मात्र कुळाचा. भरपाईचा आकडा वाढला तसे सावकार राजी झाले. कुळाला विचारतो कोण? 'जान किंवा जमीन' ही घोषणा आज आततायी वाटते. पण पैसे घेणारा एक आणि उठणारा दुसरा, अशा सौद्यात कुळाने दुसरं म्हणायचं तरी काय होतं?

२०१३च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधित जमीनधारक कुटुंबांची संमती लागते. भूमिहीन, कूळ, मजूर हेही कायद्याने बाधितच, पण पुनर्वसनापुरते; संमती त्यांची लागत नाही. कसणाऱ्याला विचारायचं की नाही, हाच प्रश्न मुळशीतही टाळला गेला होता. बापटांना विकासाचे वैरी म्हणणाऱ्यांनी तलाठ्याकडे जाऊन बसावं. सातबाऱ्यावर नाव कुणाचं, हक्कसोडपत्रावर कोणत्या बहिणीची सही घेतली आणि कसणाऱ्याच्या हातात शेवटी काय पडलं, एवढं तरी विचारावं.