चौरस फुटांच्या पलीकडे

माझी खाला पुनर्वसनाच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर राहायला गेली तेव्हा आम्ही सगळे खूश झालो. घरातच संडास, घरातच नळ. पण वर्षभरात तिचं ओढण्यांना टिकल्या लावण्याचं काम बंद पडलं. वस्तीत ती उंबरठ्यावर बसून काम करायची. उजेड असायचा, शेजारणी सोबतीला असायच्या, माल देणारा दारात यायचा. आता भरदिवसा ट्यूबलाइट लावावी लागते, कारण खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसरी इमारत आहे.

याचा दोष आधुनिक वास्तुकलेला दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. १९३३ च्या परिषदेत ल कार्बुझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शहराची चार कामं ठरवली : राहणं, कमावणं, विरंगुळा आणि वाहतूक. या प्रत्येकाची जागा वेगळी असावी, असा त्यांचा आग्रह होता. खाली दुकान, वर घर आणि कोपऱ्यावर मशीद असलेला मोहल्ला या चौकटीत बसत नाही. घरात बसून कमावणारी बाई तर मुळीच बसत नाही.

पण त्याच लोकांनी उंच इमारती सुचवल्या त्या खालची जमीन मोकळी राहावी, प्रत्येक घरात ऊन-वारा यावा म्हणून. हे स्वप्न प्रामाणिक होतं. मोहल्ल्याचे गोडवे गाणाऱ्यांनी सामाईक संडासाच्या रांगेत एकदा उभं राहून पाहावं. आपण त्या स्वप्नातली उंची तेवढी उचलली. मोकळी जागा बिल्डरच्या हिशेबात हरवली.

दुसरी वाट नव्हती असं नाही. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात बेलापूरला बुटकी घरं बांधली. सात-सात घरांच्या मध्ये एक सामाईक अंगण ठेवलं. कुटुंबाला गरजेप्रमाणे घर वाढवता यावं म्हणून दोन घरांत सामाईक भिंत ठेवली नाही. तेही आधुनिकच होते, फक्त त्यांनी माणसं कशी राहतात ते आधी पाहिलं.

आपल्या मोहल्ल्यात पुनर्विकासाचा नकाशा येतो तेव्हा आपण एकच प्रश्न विचारतो : किती चौरस फूट मिळणार? यापुढे आणखी तीन विचारू या. दोन इमारतींत अंतर किती? घरात ऊन कुठून येणार? आणि आमच्या बायका कामाला कुठे बसणार? सही त्यानंतर.