निरोगी गुडघा कोणाचा?

आषाढात वैतरणेच्या काठी भाताची आवणी चालू असते, तेव्हा तेथील माणसांच्या गुडघ्यांकडे एकदा पाहा. दिवसभर चिखलात पाय रोवून रोपे लावायची आणि घरी आल्यावर पुन्हा उकिडवे बसून चूल पेटवायची! त्याच गुडघ्यावर तुम्ही शाळेच्या मैदानात कबड्डी खेळता. तो दुखावला, की एम.आर.आय. काढायला सांगतात.

हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा क्ष-किरणांच्या चित्रात दिसत नाही. तिच्यात सुमारे तीन-चतुर्थांश पाणीच असते, आणि एम.आर.आय. यंत्र मुख्यतः पाण्यातील हायड्रोजनची अणुकेंद्रे पाहते. (अणुकेंद्र म्हटल्यावर तारापूर-बोईसरच्या वाचकांनी दचकू नये. येथे ते फुटत नाही, नुसते डोलते.) 1.5 टेस्लाच्या चुंबकात ते सेकंदाला सुमारे 6 कोटी 40 लाख वेळा डोलते. रेडिओलहरींचा धक्का दिला की त्यापासून संकेत मिळतो, आणि तो हळूहळू विरतो. ह्या विरण्याच्या काळाला टी-2 म्हणतात. कूर्चेत तो साधारण 30 ते 40 मिलिसेकंद असतो. कूर्चेची वीण उसवली, तिच्यात पाणी वाढले, की तो लांबतो.

डॉक्टर चित्र पाहून मत देतातच. नवी पद्धत अशी, की हजारो गुडघ्यांचे असे आकडे संगणकाला द्यायचे, आणि निरोगी ऊती कोणती व दुखावलेली कोणती, हे त्या आकड्यांतूनच त्याला शिकू द्यायचे. पदार्थविज्ञान शिकवणारा म्हणून मला ही पद्धत आवडते, कारण 'थोडे पांढरे दिसते' यापेक्षा आकडा केव्हाही बरा. पण 'निरोगी' हा शब्द चुंबकात कोठेही नसतो. तो संगणकाला आपणच शिकवतो.

आकडासुद्धा फसवतो. कूर्चेतील कोलॅजेनचे तंतू चुंबकीय क्षेत्राशी सुमारे 55 अंशांचा कोन करून असले, तर अगदी धडधाकट कूर्चेचाही टी-2 लांबलेला येतो. उलट, धावून आल्यावर कूर्चा दाबली जाऊन तिच्यातील पाणी काहीसे बाहेर पडते आणि टी-2 तात्पुरता घटतो. म्हणजे गाडी पकडायला धावलेला आणि अर्धा तास बाकावर बसलेला, अशा दोघांचे आकडे सारखे कसे यावेत?

आणखी एक गोष्ट. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावच्या 50 ते 90 वर्षे वयाच्या 991 लोकांचे गुडघे असे तपासले, त्याचा अहवाल 2008 साली प्रसिद्ध झाला. गुडघ्यातील मेनिस्कस ही चकती ज्यांची फाटलेली दिसली, त्यांपैकी 61 टक्के लोकांना आदल्या महिन्यात तेथे काहीच दुखले नव्हते! त्यांना कोणत्या गटात घालायचे?

संगणकाला शिकवण्यासाठी जगभर वापरला जाणारा गुडघ्यांचा एक मोठा संग्रह 4,796 लोकांचा आहे, आणि तो अमेरिकेतील चार केंद्रांवर जमवलेला आहे. काम उत्तमच आहे. पण खुर्चीवर बसणाऱ्या गुडघ्यांवर शिकलेला संगणक आवणी करणाऱ्या बाईच्या गुडघ्याला दुखावलेला म्हणेल की निरोगी, हे मोजल्याशिवाय कसे कळणार? म्हणून माझे मत असे, की आवणी करणाऱ्या, कारखान्यात पाळीभर उभ्या राहणाऱ्या, कबड्डी खेळणाऱ्या, पण कसलीही तक्रार नसलेल्या आपल्या माणसांचे गुडघे आपणच मोजले पाहिजेत.

रुग्ण रांगेत असताना धडधाकट माणसांना यंत्रात का घालायचे, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे. यंत्राचा वेळ महाग असतो. पण मोजपट्टी न तपासता लांबी मोजली, तर प्रयोगवहीत मी तुमचे गुण कापतो, ते उगीच नव्हे. शिवाय ही विद्या आपल्याला परकी नाही. अल्कोहोलमधील हायड्रोजनचे तीन निरनिराळे संकेत 1951 साली अमेरिकेत ज्या तिघांनी दाखवले, त्यांतील एस. एस. धर्मट्टी यांनीच पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे संशोधन सुरू केले.

तपासणीपूर्वी माणूस किती मिनिटे बसला होता, आणि तो काय काम करतो, एवढे प्रत्येक अहवालावर लिहायला तर नवे यंत्रही लागत नाही.