यकृताचा दोष की स्वभावाचा?

गुजरातेत १९६० पासून दारूबंदी. शेजारच्या दादरा-नगर हवेलीत ती नाही. सामरवरणीच्या चाळीत दारूने यकृत गमावलेला कामगार दिसला तर नवल नाही. नवल वाटते ते ‘स्वभावच तसा’ या शेऱ्याचे! निकामी यकृतामुळे रक्तातला अमोनिया मेंदूला बाधतो. माणूस दिवसा पेंगतो, रात्री जागतो, घरच्यांवर खेकसतो. हे औषधाने बरेच आवरते. पण जो मुळातच उतावळा वा संशयी, त्याचा व्यक्तिमत्त्वदोष दारू सुटली तरी उरतो आणि पुष्कळदा पुन्हा गुत्त्याकडे नेतो. तेथे मनोविकारतज्ज्ञच हवा. सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयात येणाऱ्या अशा प्रत्येक रुग्णाच्या पत्नीस ‘पिऊ लागण्यापूर्वी हे कसे होते?’ एवढे आवर्जून विचारले जावे, अशी आमची मागणी आहे.