मलिकुची भाषा आणि पाहुण्याचा धर्म

लक्षद्वीपची भाषा कोणती, या प्रश्नाला ‘मल्याळम’ हे शालेय भूगोलातले उत्तर बहुतेकांच्या जिभेवर तयार असते. ते चूक नव्हे. पण अपुरे खचित आहे. वस्तीच्या इतर बेटांवर जेसरी ही मल्याळमची बोली चालते. परंतु नऊ अंश खाडी ओलांडून दक्षिण टोकाच्या मिनिकॉयला उतरणाऱ्या प्रवाशाच्या कानी सर्वस्वी निराळी भाषा पडते. तेथील लोक आपल्या बेटाला ‘मलिकु’ म्हणतात. सरकारदप्तरी ‘महल’ या नावाने ओळखली जाणारी त्यांची भाषा म्हणजे मालदीवच्या दिवेहीचेच एक रूप होय.

ही भाषा द्राविडी कुळातली नाही. सिंहलीची ती सख्खी बहीण असून तिचे मूळ प्राकृतात आहे. ‘दिवेही’ या नावातच ‘द्वीपवासी’ दडलेला आहे. जुन्या ‘प’चा येथे ‘फ’ झाला, एवढे ध्यानात घेतले की ‘फेन’ म्हणजे पाणी आणि ‘फस’ म्हणजे पाच, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. ‘मस’ म्हणजे मासा आणि ‘बस’ म्हणजे भाषा, हेही तसेच. तिची ‘ताना’ लिपी मात्र उजवीकडून डावीकडे जाते. तिची पहिली नऊ अक्षरे अरबी अंकांपासून घडली, तर पुढची नऊ स्थानिक अंकांपासून. प्रवाळद्वीपासाठी जगभर रूढ झालेला ‘अटॉल’ हा शब्दही दिवेहीचीच देणगी आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार मिनिकॉयची लोकवस्ती दहा हजारांहून थोडीच अधिक होती. भारतात एवढ्याच लोकांच्या आधारावर उभ्या असलेल्या या भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान नाही. शाळेतला एक तास हाच तिचा आधार. मे २०२५ मध्ये शाळांतील महल व अरबी यांच्या जागी हिंदी आणण्याचा आदेश प्रशासनाने काढला, तेव्हा हा आधारही डळमळला. जूनमध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. हिंदी शिकण्यास कोणाचीच हरकत असू नये. पण एक भाषा शिकविण्यासाठी दुसरीला वर्गाबाहेर काढणे हे शिक्षण नव्हे.

लक्षद्वीपला जाण्यास परवाना लागतो. तो कचेरीत मिळतो. बेटावरच्या माणसांच्या मनात प्रवेश मिळण्याचा परवाना मात्र निराळा असतो. मिनिकॉयचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जगाच्या जहाजांवर खलाशी म्हणून राबले आहेत; परक्या भाषा त्यांना नव्या नाहीत. पाहुण्याचे काम अडणार नाही. तथापि काम भागणे वेगळे आणि यजमानाचा मान राखणे वेगळे. त्याच्या भाषेला मल्याळमची पोटभाषा समजू नये, तिचे चार शब्द शिकून जावे आणि बेटाचे नाव तेथल्या माणसाच्या उच्चारात घ्यावे, इतकी अपेक्षा गैर नाही.

महाराष्ट्री प्राकृताचा वारसा सांगून २०२४ साली मराठीने अभिजात दर्जा मिळविला. त्या दर्जाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी प्राकृताच्याच एका दूरच्या लेकीची विचारपूस करू नये काय?